वाटीच्या झिजेवरची इंजेक्शने : कोणते, कधी आणि त्यानंतर काय

सपाट रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर सहज चालून येणारा माणूस घराचा एक जिना उतरताना कठड्याला घट्ट धरतो, तेव्हा घरच्यांना ते सोंग वाटते. ते सोंग नसते. गुडघ्याच्या वाटीची झीज अशीच वागते : ती चालू देते, पण जिना, उकिडवे बसणे, मांडी घालून जेवायला बसणे आणि जमिनीवरून उठणे या प्रत्येक वेळी वाटीच्या मागे कळ काढते. नाटकाचा अंक संपेपर्यंत गुडघा दुमडून बसल्यावर उठताना पहिली चार पावले लंगडत टाकावी लागणे, हीही तिचीच खूण.

याचे कारण यांत्रिक आहे. वाटी म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूच्या कंडरेत (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागात) बसलेले छोटे हाड. गुडघा वाकतो तेव्हा ती मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावरील खोबणीतून सरकते आणि कप्पीसारखे काम करते. सपाट चालताना वाटी त्या खोबणीवर शरीराच्या वजनाच्या साधारण निम्म्या भाराने दाबली जाते, जिन्यावर हा भार तिपटीच्या घरात जातो आणि खोल उकिडवे बसताना सात-आठ पट होतो. म्हणजे साठ किलोच्या बाईच्या वाटीवर चालताना तीस किलो आणि उकिडवे बसताना चारशे किलोंहून अधिक भार येतो. वाटीच्या मागचे कूर्चेचे, म्हणजे हाडावरच्या गुळगुळीत, लवचिक थराचे अस्तर शरीरातल्या सर्वांत जाड अस्तरांपैकी एक आहे, ते या भारामुळेच. आणि तेच अस्तर विरले की हा भार उघड्या पडत चाललेल्या हाडावर येतो.

मी डॉक्टर नाही. आईच्या उजव्या गुडघ्यापायी दोन वर्षे दवाखान्यांच्या बाकांवर बसले, तिच्या चार सुयांच्या वेळी शेजारी उभी राहिले आणि त्या निमित्ताने या उपचारांवरचे बरेच वाचून काढले. त्यातून झालेले माझे मत आधीच सांगते : सुई झीज भरून काढत नाही. ती काही आठवडे दुखणे मागे सारते, आणि त्या आठवड्यांत मांडीचे स्नायू कमावले तरच टोचून घेतल्याचे सार्थक होते. पुढचे सगळे टप्पे या दृष्टीने मांडले आहेत.

पहिला टप्पा : दुखणे वाटीचेच आहे, याची खात्री

गुडघ्याचा एक्स-रे बहुतेक ठिकाणी समोरून आणि बाजूने काढतात. समोरून काढलेल्या चित्रात वाटी मांडीच्या हाडावर पडलेल्या सावलीसारखी दिसते, आणि तिच्या मागची फट किती उरली आहे हे त्यात कळत नाही. त्यासाठी गुडघा अर्धवट वाकवून, वाटीच्या कडेच्या रेषेत किरण सोडून एक वेगळे चित्र काढावे लागते, ज्याला डॉक्टर ‘स्कायलाइन व्ह्यू’ म्हणतात. आईच्या पहिल्या दोन चित्रांवर ‘वयाच्या मानाने ठीक’ असा शेरा पडला आणि तिला सहा महिने वेदनाशामक गोळ्यांवर ठेवण्यात आले. दुसऱ्या ठिकाणी स्कायलाइन चित्र काढल्यावर वाटीच्या बाहेरच्या कडेला फट जवळजवळ मिटलेली आणि हाडाला चोचीसारखी वाढ आलेली स्पष्ट दिसली. आपल्या कागदांत हे चित्र नसेल तर सुईचा विचार करण्यापूर्वी ते मागून घ्यावे. खर्च एका साध्या एक्स-रेइतकाच येतो.

झिजेची प्रतवारी शून्य ते चार अशी सांगतात. केलग्रेन आणि लॉरेन्स या दोन डॉक्टरांनी ती १९५७ मध्ये मांडली. या आकड्याने धसका घेऊ नये आणि निर्धास्तही होऊ नये. चित्रातली झीज आणि अंगातली वेदना यांचे प्रमाण पुष्कळदा जुळत नाही.

वाटीच्या दुखण्यासारखी दिसणारी पण निराळी दुखणीही असतात. खुब्याच्या सांध्याची झीज गुडघ्यात दुखू शकते. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल, हातांचे सांधेही सुजत असतील किंवा गुडघा एका रात्रीत लाल आणि गरम झाला असेल, तर संधिवात, गाऊट किंवा जंतुसंसर्ग यांचा विचार आधी व्हायला हवा. संसर्ग झालेल्या सांध्यात स्टेरॉइड टोचणे ही गंभीर चूक ठरते.

दुसरा टप्पा : सुईपूर्वी काय करून झालेले असावे

ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वे या बाबतीत नेमकी आहेत : इतर औषधांचा उपयोग होत नसेल, ती देता येत नसतील किंवा व्यायाम सुरू करण्यास आधार म्हणून हवे असेल तरच स्टेरॉइडच्या सुईचा विचार करावा, आणि तिचा आराम दोन ते दहा आठवड्यांपुरताच असतो हे रुग्णाला आधी सांगावे. आपल्याकडे हे वाक्य फार थोड्या दवाखान्यांत ऐकायला मिळते.

म्हणून सुईपूर्वी निदान सहा आठवडे मांडीच्या आणि खुब्याच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली झालेले असावेत, वेदनाशामक जेल नियमित लावून पाहिलेले असावे आणि वजन जास्त असेल तर ते उतरवायला सुरुवात झालेली असावी. वजनात एक किलोने घट झाली की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो, असे २००५ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात मोजले गेले आहे. चार किलो वजन उतरवलेल्या माणसाच्या गुडघ्याला दर पावलाला सोळा किलोंची सूट मिळते.

वाटीच्या झिजेत आणखी एक साधा उपाय आहे, आणि तो का सांगितला जात नाही हे मला कळत नाही. वाटीला बाजूने आधार देणारा पट्टा सहा आठवडे, दिवसातले सात-आठ तास वापरल्यावर दुखणे कमी झाले आणि एमआरआयमध्ये दिसणारी वाटीच्या हाडातली सूजही उतरली, असे मँचेस्टरच्या संशोधकांनी १२६ रुग्णांवर केलेल्या चाचणीत आढळले. ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. औषधांच्या दुकानात मिळणारी नुसती लवचिक नळकांडी टोपी (नी-कॅप) म्हणजे हा पट्टा नव्हे. त्यात वाटीसाठी भोक आणि कडेला आधाराची गादी असावी लागते, आणि तो फिजिओथेरपिस्टकडून मापाने बसवून घ्यावा.

तिसरा टप्पा : कोणते इंजेक्शन

एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. वाटीचा सांधा आणि मांडी व नडगी यांच्यामधला सांधा एकाच पिशवीत आहेत, त्यामुळे गुडघ्यात सोडलेले औषध दोन्हीकडे पोहोचते. ‘वाटीचे खास इंजेक्शन’ म्हणून कोणी वेगळे दर सांगत असेल तर त्यात अर्थ नाही. याची दुसरी बाजू अशी की, बहुतेक चाचण्या अख्ख्या गुडघ्याच्या झिजेवर झाल्या आहेत. फक्त वाटी झिजलेल्या रुग्णांवरचा पुरावा थोडा आहे, आणि पुढे दिलेले आकडे या मर्यादेसह वाचावेत.

स्टेरॉइडपासून सुरुवात करू, कारण तेच सर्वांत जुने आणि स्वस्त आहे. जोसेफ हॉलंडर या अमेरिकी डॉक्टरांनी सांध्यात हायड्रोकॉर्टिसोन टोचण्याचे अनुभव १९५१ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हापासून हा उपचार चालत आला आहे. आज बहुधा ट्रायअ‍ॅम्सिनोलोन ४० मिलिग्रॅम किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन ४० ते ८० मिलिग्रॅम देतात. हे औषध सांध्याच्या आतल्या पातळ आवरणाची सूज शमवते, कूर्चेचे काहीही दुरुस्त करत नाही. आराम काही दिवसांत सुरू होतो आणि महिना-दोन महिने टिकतो. ज्या गुडघ्यात पाणी भरले आहे त्यात फरक जास्त दिसतो, असे अनेक डॉक्टर अनुभवाने सांगतात. चाचण्यांत मात्र हे एकमुखाने दिसलेले नाही.

स्टेरॉइडने गुडघा खराब होतो का, हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो, आणि त्याचे उत्तर होय किंवा नाही असे एका शब्दात देता येत नाही. माँट्रिऑलमध्ये झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६८ जणांना दर तीन महिन्यांनी दोन वर्षे स्टेरॉइड किंवा तुलनेसाठी नुसते मिठाचे पाणी टोचले होते, आणि एक्स-रेवर दोन्ही गटांच्या सांध्यांतल्या फटीत फरक दिसला नव्हता. मग २०१७ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात १४० जणांवरची चाचणी आली. तिच्यात औषध आणि वेळापत्रक तेच होते, पण मोजमाप एमआरआयने केले होते. दोन वर्षांत स्टेरॉइड घेतलेल्यांची कूर्चा सरासरी ०.२१ मिलिमीटरने विरली, मिठाच्या पाण्याच्या गटाची ०.१० मिलिमीटरने, आणि वेदनेत दोन्ही गटांत फरक नव्हता. या दोन्ही अभ्यासांवरून मी काढलेला अर्थ असा : एखाददुसऱ्या सुईची भीती बाळगू नये, पण दर तीन महिन्यांनी रिवाजासारखी सुई घेत राहण्याला आधार नाही.

दुसरे इंजेक्शन हायल्युरॉनिक आम्लाचे, म्हणजे बोलीभाषेतले ‘वंगण’ किंवा ‘जेल’. कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये गाईच्या डोळ्यातल्या चिकट द्रवातून हा पदार्थ वेगळा केला. सांध्यातल्या पाण्याला दाटपणा येतो तो यानेच, आणि झिजलेल्या गुडघ्यात तो पातळ झालेला असतो. पातळ झाले म्हणून दाट भरायचे, ही कल्पना मनाला पटकन पटते. अमेरिकेत या औषधांना १९९७ मध्ये मान्यता मिळाली. काही कोंबड्यांच्या तुऱ्यापासून आणि काही जीवाणूंच्या साहाय्याने तयार होतात. काहींची एकच मोठी सुई असते, काहींच्या आठवड्याच्या अंतराने तीन ते पाच.

अडचण अशी की, टोचलेला पदार्थ सांध्यातून काही दिवसांत बहुतांशी निघून जातो, त्यामुळे ‘सहा महिन्यांचे वंगण’ हे शब्दशः खरे नाही. परिणाम होत असेल तर तो दुसऱ्या कोणत्या तरी वाटेने होत असावा. ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २०२२ मध्ये १६९ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, ज्यात एकवीस हजारांहून अधिक रुग्ण होते. त्याचा निष्कर्ष असा की, मिठाच्या पाण्यापेक्षा मिळणारा जादा आराम इतका थोडा आहे की रुग्णाला तो जाणवण्याजोगा नाही. ‘नाइस’ हे इंजेक्शन देऊच नये म्हणते, अमेरिकेतील अस्थिरोगतज्ज्ञांची संघटना सरसकट वापराची शिफारस करत नाही, तर सांध्यांच्या झिजेवर काम करणाऱ्या ‘ओआर्सी’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१९ मध्ये काही अटींवर त्याला जागा ठेवली आहे. आपल्याकडे त्यासाठी काही हजार रुपये मोजावे लागतात. साखर बेताबाहेर असल्यामुळे स्टेरॉइड देता येत नाही आणि शस्त्रक्रियेची वेळ अजून आलेली नाही, अशा माणसाने पूर्ण कल्पना घेऊन ते घेतले तर मी चुकीचे म्हणणार नाही. पण पहिला उपाय म्हणून ते कोणी सुचवले तर ‘यापूर्वी व्यायामाचे काय?’ असा प्रश्न जरूर करावा.

तिसरे पीआरपी, म्हणजे ‘प्लेटलेट-रिच प्लाझ्मा’. आपलेच रक्त, साधारण पंधरा ते साठ मिलिलिटर, काढून यंत्रात गरगर फिरवतात, बिंबिका (प्लेटलेट) दाट झालेला पिवळसर थर वेगळा करतात आणि तो गुडघ्यात सोडतात. रक्त स्वतःचेच असल्यामुळे ते ‘नैसर्गिक’ म्हणून चटकन स्वीकारले जाते. काही चाचण्यांत सहा ते बारा महिन्यांपर्यंत हायल्युरॉनिक आम्लापेक्षा बरा आराम दिसला आहे. पण मेलबर्न आणि सिडनी येथे २८८ जणांवर काटेकोरपणे झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आठवड्याच्या अंतराने तीन सुया दिल्यावर, वर्षअखेर पीआरपी गटाची वेदना शून्य ते दहाच्या मापावर २.१ गुणांनी घटली आणि मिठाच्या पाण्याच्या गटाची १.८ गुणांनी. कूर्चेच्या आकारमानातही फरक पडला नाही. मिठाच्या पाण्याने इतका आराम मिळावा ही गोष्ट थांबून विचार करण्यासारखी आहे : टोचणे, लक्ष दिले जाणे आणि दुखण्याचा आपोआप होणारा चढउतार यांचा वाटा प्रत्येक सुईच्या यशात असतो, आणि शेजारच्या काकूंना ‘एकदम फरक पडला’ म्हणून आपणही घ्यावे, हा हिशेब इथेच चुकतो. पीआरपी बनवण्याची एक पद्धत नाही, त्यामुळे दोन दवाखान्यांतले पीआरपी हे एकच औषध समजू नये.

मूलपेशींच्या (स्टेम सेलच्या) नावाखाली पोटाची चरबी किंवा कमरेच्या हाडातला मगज काढून गुडघ्यात सोडणाऱ्या जागा शहरोशहरी निघाल्या आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, मान्यता नसलेले असे उपचार नोंदणीकृत चाचणीबाहेर विकता येत नाहीत. चाचणीतल्या रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत, हे लक्षात ठेवले तरी पुष्कळशी फसगत टळते. ‘कूर्चा पुन्हा उगवते’ अशी जाहिरात दिसली की मी पान उलटते.

सांध्यात न देता बाहेरून, गुडघ्याची वेदना वाहून नेणाऱ्या बारीक नसांजवळ देण्याचे इंजेक्शनही असते. आधी भूल देणारे औषध टोचून दुखणे तात्पुरते थांबते का ते पाहतात, आणि थांबले तर रेडिओलहरींच्या उष्णतेने त्या नसा निकामी करतात. आराम सहा महिने किंवा त्याहून अधिक टिकू शकतो. झीज पुढे गेलेल्या, पण हृदयविकारामुळे वा वयामुळे शस्त्रक्रिया न झेपणाऱ्यांसाठी हा पर्याय वेदनातज्ज्ञाकडे विचारून पाहण्यासारखा आहे.

चौथा टप्पा : डॉक्टरांना काय सांगायचे, काय विचारायचे

मधुमेह असेल तर तो पहिल्या वाक्यात सांगावा. स्टेरॉइड गुडघ्यात टोचले तरी त्याचा काही भाग रक्तात उतरतो आणि साखर पहिल्या एक-दोन दिवसांत चढते. ती पूर्वपदावर यायला पाच-सात दिवस लागू शकतात. आईची उपाशीपोटीची साखर एरवी १३० च्या आसपास असते, ती दुसऱ्या सकाळी २४० दाखवत होती आणि सहाव्या दिवशी परत खाली आली. म्हणून सुईनंतर आठवडाभर घरच्या यंत्रावर दिवसातून दोनदा साखर मोजावी, आणि किती चढली तर फोन करायचा व गोळी किंवा इन्सुलिन वाढवायचे का, हे आधीच लिहून घ्यावे. दोन्ही गुडघ्यांत एकाच दिवशी सुई म्हणजे दुप्पट औषध, हेही मधुमेह्याने विसरू नये. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा (एचबीए१सी) मुळातच फार वाढलेला असेल तर पुष्कळ डॉक्टर सुई पुढे ढकलतात, आणि ते योग्यच आहे.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास सांगाव्यात, पण आपल्या मनाने बंद करू नयेत. बारीक सुईचे हे काम बहुधा गोळ्या चालू ठेवून करता येते आणि वॉरफरिन असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप) पाहून ठरवतात. एचआयव्हीच्या औषधांत रिटोनाव्हिर किंवा कोबिसिस्टॅट असेल तर ट्रायअ‍ॅम्सिनोलोन शरीरात साठून गंभीर त्रास होऊ शकतो. ही माहिती संकोचामुळे दडवली जाते आणि महागात पडते. अंगात ताप, दाताचा किंवा लघवीचा चालू संसर्ग, गुडघ्यावर फोड किंवा जखम यांपैकी काहीही असेल तर त्या दिवशी सुई घेऊ नये. कोंबडी-अंड्याची अ‍ॅलर्जी असल्यास जेल कशापासून बनले आहे ते विचारावे. पीआरपी ठरले असेल तर आधीचा आठवडा वेदनाशामक गोळ्या टाळायला सांगतात, पण हृदयासाठी चालू असलेली अ‍ॅस्पिरिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नये. आणि पुढच्या तीन महिन्यांत सांधाबदलाची शस्त्रक्रिया होण्याची शक्यता असेल तर सुई नकोच, कारण सुईनंतर लगेच शस्त्रक्रिया केल्यास जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

विचारण्याचे प्रश्न थोडेच आहेत. औषधाचे नाव काय आणि किती मिलिग्रॅम? सोनोग्राफीच्या मदतीने देणार का? उपयोग नाही झाला तर पुढे काय? ‘एक इंजेक्शन देऊ, बरे वाटेल’ एवढ्यावर पाय पुढे करू नये. औषधाचे नाव विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे.

पाचवा टप्पा : प्रत्यक्ष सुई

सैल पायजमा किंवा गुडघ्याच्या वर सहज सरकेल असे काही घालून जावे, आणि परतताना गाडी चालवायला कोणीतरी सोबत असावे. सगळे काम पंधरा मिनिटांत आटोपते.

आईला टेबलावर उताणे निजवले, गुडघ्याखाली टॉवेलची छोटी गुंडाळी ठेवली आणि मांडी सैल सोडायला सांगितले. डॉक्टरांनी अंगठ्याने वाटीची बाहेरची कड चाचपली, वाटी हलकेच बाजूला सरकवली आणि तिच्याखालची पोकळी शोधून त्वचेवर पेनाच्या टोपणाने एक खळगा उमटवला. मग त्या जागेवर जंतुनाशक तीनदा आतून बाहेर गोल फिरवत लावले आणि ते पूर्ण वाळेपर्यंत थांबले. हे थांबणे महत्त्वाचे असते. वाळू न देता टोचणारे हात घाईचे समजावेत. सुई आत गेल्यावर आधी रिकाम्या सिरिंजने ओढून पाहिले, तर गव्हाच्या काडीच्या रंगाचे, पारदर्शक, मधापेक्षा किंचित पातळ असे अठरा मिलिलिटर पाणी आले. ते पाणी गढूळ असते तर स्टेरॉइड न देता ते तपासणीला पाठवले असते, असे डॉक्टरांनी नंतर सांगितले. सुई तशीच ठेवून फक्त सिरिंज बदलली आणि दुधासारखे पांढरे औषध सावकाश आत सोडले. आईच्या चेहऱ्यावर आठी पडली ती सुईच्या टोचण्याने नव्हे, तर आतून दाब आल्यासारखे वाटल्याने.

पाय सरळ ठेवून बाहेरच्या बाजूने सुई घालण्याला कारण आहे. २००२ मधल्या एका अभ्यासात पाणी न भरलेल्या गुडघ्यांत सुईचे टोक खरोखर सांध्यात पोहोचले का हे चित्रात पाहिले गेले, तेव्हा वाटीच्या बाहेरच्या कडेने दिलेल्या सुया ९३ टक्के वेळा बरोबर पडल्या होत्या, तर गुडघा वाकवून पुढच्या बाजूने दिलेल्या ७१ ते ७५ टक्के. सांध्याबाहेर चरबीत पडलेले औषध काम कमी करते आणि त्रास जास्त देते. अंगाने जड असलेल्या किंवा पूर्वीच्या सुईने काहीच फरक न पडलेल्या माणसाने सोनोग्राफीचा आग्रह धरावा.

औषधात भूल मिसळलेली असेल तर पहिल्या तासाभरात जिना चढून पाहावा. त्या तासात वेदना निम्म्याहून कमी झाली तर दुखणे सांध्यातलेच आहे याचा तो पुरावा असतो. काहीच फरक पडला नाही तर दुखण्याचे मूळ इतरत्र शोधायला हवे. ही फुकटची तपासणी बहुतेक लोक रिक्षात बसून वाया घालवतात.

सहावा टप्पा : पहिले दोन दिवस आणि धोक्याच्या खुणा

जिन्याची ती एक तपासणी सोडली तर दोन दिवस घरातल्या घरात फिरावे, जिने आणि ओझी टाळावीत. टोचलेली जागा एक दिवस कोरडी ठेवावी, दहा-पंधरा मिनिटे बर्फ फडक्यात गुंडाळून लावावा, आणि तेल चोळणे, शेकणे वा लेप यांपैकी काहीही करू नये. काहींना सुईनंतरच्या पहिल्या चोवीस तासांत दुखणे उलट वाढते. ते बहुधा दोन-तीन दिवसांत ओसरते. चेहरा लाल होणे, रात्री झोप न लागणे हेही एक-दोन दिवस घडू शकते. सावळ्या त्वचेवर टोचल्या जागी पांढरट डाग पडणे किंवा खळगा होणे हा परिणाम काही आठवड्यांनी दिसतो आणि महिनोन् महिने राहू शकतो.

यातून वेगळी ओळखायची ती जंतुसंसर्गाची खूण. तो हजारो सुयांमागे एखाद्यालाच होतो, पण झाला तर सांधा काही दिवसांत नासवतो. दुखणे दोन दिवसांनंतर कमी होण्याऐवजी वाढत चालले, गुडघा लाल, गरम आणि टणक झाला, पाय जमिनीवर टेकवेना, ताप किंवा थंडी वाजू लागली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि ‘अमुक दिवशी गुडघ्यात सुई घेतली आहे’ हे दारातच सांगावे. मनाने प्रतिजैविकाची गोळी घेऊ नये, कारण तिने पाण्याच्या तपासणीत जंतू सापडेनासा होतो.

सातवा टप्पा : मिळालेले आठवडे

इथे बहुतेकांचे चुकते. दुखणे थांबले की माणूस तुंबलेली कामे काढतो. आईने आठव्या दिवशी माळा आवरायला घेतला आणि शिडीवरून उतरताना गुडघा परत धरून बसली. अमेरिकेतील लष्करी रुग्णालयांत १५६ जणांवर झालेली आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी सांगते की, वर्षअखेर फिजिओथेरपी घेतलेल्यांची वेदना आणि हालचाल स्टेरॉइडची सुई घेतलेल्यांपेक्षा स्पष्टपणे चांगली होती. सुई आणि व्यायाम यांत एकच निवडायचे असेल तर मी व्यायाम निवडेन. पण दुखण्यामुळे व्यायामच होत नसेल तर सुईने ती अडचण दूर होते.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून सुरुवात करावी. उताणे पडून एक गुडघा दुमडावा, दुखरा पाय सरळ ठेवून मांडी आवळावी आणि टाच वीतभर उचलून मनात पाच आकडे मोजावेत. दहा वेळा, दिवसातून तीनदा. कुशीवर निजून वरचा पाय सरळ ठेवून उचलण्याचा व्यायाम खुब्याच्या बाजूच्या स्नायूंसाठी, कारण ते ढिले असले की मांडी आत वळते आणि वाटी खोबणीच्या बाहेरच्या कडेवर घासते. दुसऱ्या आठवड्यात भिंतीला पाठ टेकवून गुडघे थोडेसेच, खुर्चीच्या अर्ध्यापेक्षाही कमी, वाकवावेत. उभ्याने व्यायाम करताना गुडघा जितका खोल वाकतो तितका वाटीवरचा दाब वाढतो, म्हणून वाटीच्या रुग्णाने उठाबशा काढू नयेत. व्यायाम करताना दहापैकी तीनपर्यंत दुखणे चालते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाढलेले असेल तर मात्रा निम्मी करावी.

घरातही थोडा बदल करावा लागतो : बसायला पाट न घेता उंच खुर्ची, भारतीय शौचकूपावर उंच आसन, देवघर कमरेच्या उंचीवर, आणि जिना उतरताना दुखरा पाय आधी. आईला शेवटपर्यंत सर्वांत जड गेले ते पूजेला खुर्चीवर बसणे.

आठवा टप्पा : पुन्हा घ्यायची की नाही

पहिल्या सुईपासून एका वहीत दर रविवारी तीन गोष्टी लिहाव्यात : जिना उतरताना दुखणे दहापैकी किती, खुर्चीतून हात न टेकता उठता येते का, आणि आठवड्यात किती वेदनाशामक गोळ्या लागल्या. आठवणीवर विसंबले की ‘थोडा फरक होता’ एवढेच उरते. चार आठवड्यांत काहीच बदल झाला नाही तर तीच सुई पुन्हा घेण्यात अर्थ नाही. आराम सहा-आठ आठवडे मिळाला आणि त्यात व्यायाम झाला, तर तीन महिन्यांच्या आत दुसरी सुई मागू नये. वर्षात तीन-चारपेक्षा अधिक स्टेरॉइडच्या सुया कोणी देऊ केल्या तरी घेऊ नयेत. प्रत्येक वेळी आरामाचे दिवस घटत चालले असतील, तर पुढचा विषय शस्त्रक्रियेचा असतो, आणि फक्त वाटीच झिजली असेल तर अख्खा गुडघा न बदलता वाटी आणि खोबण एवढेच बदलण्याचा मार्गही काही जणांना उपलब्ध असतो.

आईच्या वहीत पहिल्या सुईनंतर नऊ आठवडे आरामाचे आहेत, दुसऱ्यानंतर सात, तिसऱ्यानंतर चार आणि चौथ्यानंतर दोन. पाचवी सुई तिनेच नाकारली. त्या वहीच्या पहिल्या पानावर तारीख, कोणता गुडघा, औषधाचे नाव, मिलिग्रॅम आणि त्या आठवड्यातली साखर अशा पाच रकान्यांचा तक्ता आहे. शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनी सगळ्यात आधी तोच मागितला.